डायबेटिसच्या पायांसाठी सँडल: इंदूरच्या एका छोट्या युनिटच्या नोंदी

सांवेर रोडला आमचं छोटं युनिट आहे, लेडीज चपला आणि शाळेचे बूट हेच आजवर करत आलोय. या वर्षी डायबेटिसमुळे ज्यांच्या तळपायाची संवेदना कमी झालीय त्यांच्यासाठी सँडल करायला घेतली. एमसीआर (एक प्रकारचं मऊ रबर) लिहिलेल्या चपला बाजारात ढिगानं मिळतात, पण त्यातल्या बऱ्याचशा नुसत्या मऊ चपला असतात, आणि मऊ असणं वेगळं नि अशा पायाला सांभाळणं वेगळं. कोणी हेच करायला घेणार असेल तर त्याचे पैसे आणि महिने वाचावेत म्हणून काम चालू असतानाच लिहित गेलो. मी डॉक्टर नाही. पायाला जखम असेल त्याला आम्ही सँडल देतच नाही, आधी डॉक्टरांकडे पाठवतो.

८ जून २०२५

सुरुवात डिझाइनपासून केली नाही. ओळखीच्या डॉक्टरांकडे बसलो आणि पाय कसे तपासतात ते बघितलं. १० ग्रॅमचा नायलॉनचा तंतू असतो, तो तळव्यावर ठराविक ठिकाणी वाकेपर्यंत टेकवतात आणि पेशंटला डोळे मिटायला सांगून विचारतात, लागलं का. काही जणांना बोटांखाली काहीच लागत नव्हतं. अशा माणसाची चप्पल पायातून निसटली तरी त्याला कळत नाही, खडा आत गेला तरी कळत नाही, पट्टा घासून फोड आला तर तो संध्याकाळी मोज्यावर डाग दिसल्यावर कळतो.

हे ज्ञान आपल्याच देशात तयार झालंय हे मला तोवर माहीत नव्हतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली आले आणि कुष्ठरोग्यांच्या पायांवर काम करताना त्यांच्या लक्षात आलं की बधिर पायाच्या जखमा बऱ्याचदा रोजच्या चालण्यात एकाच जागी पुन्हा पुन्हा पडणाऱ्या दाबाने होतात. मायक्रो सेल्युलर रबर, म्हणजे आपलं एमसीआर, त्या कामातून आपल्याकडे रुजलं.

युनिटच्या फळ्यावर खडूने लिहिलं: खिळा कुठेच नको, अंगठ्यात धरायची चप्पल नको, मागे पट्टा हवाच, पाय संध्याकाळी सुजला तर सैल करता आली पाहिजे, आतल्या बाजूला उंचवटा किंवा शिवण लागता कामा नये. एवढं ठरेपर्यंत कागदावर रेघ ओढायची नाही असं मास्टरजींना सांगितलं. मास्टरजी देवासला लेदरच्या कामात वर्षानुवर्षं होते, त्यांना ते पटलं.

१५ जून

पाय मोजायला घेतले. आत्या, तिच्या रामबागेतल्या मैत्रिणी, त्यांचे मिस्टर, पोळ्या करायला येणाऱ्या एक काकू, असे मिळतील तेवढे. पद्धत साधी आहे पण नीट करावी लागते. माणूस उभा हवा, दोन्ही पायांवर सारखं वजन हवं, कारण बसून काढलेला पाय लांबीला आणि रुंदीला कमी येतो. पेन्सिल कागदाला काटकोनात धरायची, तिरकी झाली की पाय बारीक येतो. टेप बोटांच्या मुळाशी, सांध्यावरून फिरवायची. आणि सगळं संध्याकाळी, पाय दिवसभराचा सुजलेला असताना.

एक गोष्ट घरोघरी सारखी दिसली. लोक रुंदीसाठी लांबी विकत घेत होते. पाच नंबरचा पाय पण रुंद, मग पाचची चप्पल चावते म्हणून सात घ्यायची. त्यात होतं काय, चप्पल जिथे वाकते ती जागा पायाच्या सांध्याच्या पुढे जाते, म्हणजे पाय एका ठिकाणी वाकतो आणि सोल दुसऱ्या ठिकाणी, आणि प्रत्येक पावलाला पाय आत सरकतो. संवेदना असलेल्या माणसाला हे टोचतं म्हणून तो चप्पल बदलतो. यांना टोचतच नाही.

चेन्नईच्या सीएलआरआय या चर्म संशोधन संस्थेने भारतीय पायांच्या मापासाठी देशभर एक लाखाच्या वर लोकांचे पाय स्कॅन केले आणि 'भा' नावाची मापपद्धत सुचवली, त्यातही भारतीय पाय रुंद असल्याचंच निघालं. आपण मात्र अजून युके आणि युरोपच्या नंबरात कापतोय.

२२ जून

फर्मा, म्हणजे पायाच्या आकाराचा ठोकळा, ज्यावर चप्पल घडवतात. सगळा खेळ इथेच आहे आणि नवे लोक नेमके इथेच पैसे वाचवायला जातात. आमच्याकडचे लेडीज फर्मे पुढे निमुळते, सांध्यापाशी अरुंद. काढलेल्या पायांचे कागद त्यांच्या तळावर ठेवले तर करंगळी पार बाहेर. मास्टरजी एवढंच बोलले, "भैया, फर्मा ही गलत है तो सँडल कहाँ से सही होगी."

नवा फर्मा सरळ आग्र्याहून बनवून घ्यायचा की जुना वाढवायचा यावर बराच वेळ गेला. शेवटी मधल्या नंबरचा जुना फर्मा घेऊन त्याच्यावर लेदरच्या चकत्या चिकटवल्या, बाहेरच्या बाजूला करंगळीपाशी आणि वर बोटांवर, मग पुट्टी भरून कानशीने घासून आकार काढला. खर्च जवळजवळ काहीच नाही, दोन संध्याकाळी गेल्या असतील. यावर फिटिंग बरोबर आलं की मगच हा फर्मा मॉडेल म्हणून आग्र्याला पाठवायचा, तिकडे कॉपी मशीनवर त्याचे प्लास्टिकचे जोड निघतात आणि बाकीचे नंबरही त्याच्यावरूनच ग्रेड होतात.

अजून एक, आणि हे कोणी सांगत नाही. आत १० एमएमचा मऊ सुकतळा (पाय टेकतो तो आतला थर) बसणार असेल तर तेवढी जागा फर्म्यातच हवी. फर्मा नेहमीचा ठेवून वरून जाड सुकतळा टाकला की पाय १० एमएम वर उचलला जातो आणि पट्टे आखूड पडतात. आम्ही फर्म्याच्या तळाला त्याच जाडीचा तुकडा चिकटवूनच पट्ट्यांचं पॅटर्न काढलं.

३ जुलै

एमसीआर शीट आली, परत गेली. अशा पायासाठी एमसीआर साधारण १५ शोअरचं धरतात, शोअर म्हणजे कडकपणा मोजायचं माप. व्यापाऱ्याने १५च सांगितलं होतं. अंगठ्याने दाबून बघितलं तर शंका आली म्हणून बाजूच्या मोल्डिंगवाल्याकडून कडकपणा मोजायचा ड्युरोमीटर मागून आणला, आकडा तिशीच्या वर. शीट कापायला सुरुवात झालेली होती त्यामुळे व्यापाऱ्याने सगळी परत घेतली नाही, चारेक हजार त्यात गेले.

दुसऱ्या दिवशी स्वतःचा ड्युरोमीटर घेतला. तो घेताना बघा की स्केल कोणतं आहे. रबरवाले शोअर ए मध्ये बोलतात, ईव्हीएवाले (ईव्हीए म्हणजे सोलला वापरतात ते हलकं, फोमसारखं मटेरियल) बऱ्याचदा सी मध्ये बोलतात आणि एकाच शीटवर सी चा आकडा ए पेक्षा बराच मोठा येतो. दोन व्यापारी दोन स्केलमध्ये बोलत असतील तर तुम्ही कागदावर तुलना करत बसाल आणि हातात भलतंच येईल. फोनवर आकडा विचारायचा तर स्केल विचारूनच. शीटच्या चार कोपऱ्यांत आणि मधे पण मोजा, एकाच शीटमध्ये फरक निघतो.

१३ जुलै

पहिला जोड. वर १० एमएम एमसीआर, त्याखाली कडक ईव्हीए, सगळ्यात खाली रबर शीटचा सोल. मोल्ड केलेला सोल घेतला नाही. एका साइझच्या मोल्डला पंधरा-अठरा हजार सांगितले, सगळ्या नंबरांचे करायचे तर लाखाच्या आसपास, आणि अजून फिटिंगच ठरलेलं नाही. शीटमधून कापलेला सोल दिसायला साधा असतो पण उद्या आकार बदलला तर रापी (लेदर कापायची सुरी) फिरवली की झालं.

दिसायला चांगला झाला. मग आत हात घातला. पट्ट्यांची टोकं एमसीआर आणि ईव्हीएच्या मधे दाबून चिकटवलेली, तिथे बोटाला स्पष्ट उंचवटा लागत होता. लेदर, अस्तर, मधली पट्टी मिळून तीनेक एमएम जाडी आणि ती नेमकी सांध्याच्या खाली. १५ शोअरचं रबर उंचवटा लपवत नाही, माणूस उभा राहिला की ते दबतं आणि खालची कड वर येते. बाजारातल्या एमसीआर चपला उघडून बघितल्या तर कितीतरी जोडांत हेच.

उपाय दोन्हीकडून करावा लागला. पट्ट्याचं टोक रापीने छिलून कागदाइतकं पातळ केलं, अस्तर टोकाच्या आधीच थांबवलं. आणि ईव्हीएमध्ये पट्टा बसेल एवढा गाळा कोरला, म्हणजे टोक गाळ्यात बसतं आणि वरचा पृष्ठभाग सपाट राहतो. मजुरी वाढली, जोडामागे वीस-पंचवीस मिनिटं जास्त जातात. डोळे मिटून आत हात फिरवायचा, काही लागलं तर जोड परत. ही तपासणी आता कायमची ठेवलीय.

२० जुलै

पाऊस लागून राहिलाय आणि एमसीआर सुटतंय. आधीचे जोड पकडीने ओढून बघितले तर ईव्हीएवरून पूर्ण पापुद्रा निघून आला, दोन्ही बाजू गुळगुळीत. जोड पक्का असेल तर ओढल्यावर माल फाटला पाहिजे, चिकटवलेली जागा सुटता कामा नये.

कारणं दोन निघाली. एक म्हणजे शीटच्या वरची चकचकीत साय, ती पूर्ण घासून काढली नव्हती. दुसरं हवेतला दमटपणा. सोल्युशन (चिकटवायचा डिंक) वाळताना पृष्ठभाग गार पडतो आणि पावसाळी हवेत त्याच्यावर ओल बसते, डोळ्याला दिसत नाही, वरून हाताला वाळलेलं लागतं.

आता असं करतो: दोन्ही बाजू बफिंग व्हीलवर घासायच्या, धूळ ब्रशने काढायची, फुंकर मारायची नाही कारण तोंडाची वाफ लागते. ईव्हीएला प्रायमर. पातळ हात, वाळू द्यायचं, मग दुसरा हात. बल्ब लावलेल्या पेटीत गरम करायचं, साधारण ६० ते ७० डिग्री, आणि गरम असतानाच प्रेसमध्ये. पकडीची परीक्षा चोवीस तासांनी. त्या आधी ओढून काही समजत नाही.

३ ऑगस्ट

घालून बघायला दिले. सगळ्यांना कागदावर लिहून दिलं की पहिल्या दिवशी घरात एक-दोन तासच, मग काढून पाय बघायचा, स्वतःला खाली वाकून दिसत नसेल तर आरसा नाहीतर घरातलं कोणी. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर सँडल घालणं बंद आणि मला फोन. अशा पायांच्या ट्रायलमध्ये "कशी वाटतेय" हा प्रश्न उपयोगाचा नाही. त्यांना बरीच वाटते. पायाची कातडी काय सांगते तेवढंच धरायचं.

पोळ्यावाल्या काकूंच्या अंगठ्याच्या सांध्यावर डाग निघाला. तिथे हाड बाहेर आलेलं आहे आणि पुढच्या पट्ट्याची दुमडलेली कड नेमकी त्याच्यावर येत होती. कड बाहेरच्या बाजूला दुमडली, अस्तर एकसंध केलं आणि पट्ट्याची शिवण सांध्यापासून मागे सरकवली. डाग पुन्हा आला नाही.

१७ ऑगस्ट

वेल्क्रो. याच्यावर पूर्ण पंधरवडा गेला पण सगळ्यात जास्त शिकायला इथेच मिळालं.

आत्याचा फोन, साडीचा फॉल उसवला. सँडल बघितली. खरखरीत आकड्यांची पट्टी आम्ही खालच्या भागावर शिवली होती, आणि वरून येणाऱ्या पट्ट्याला मऊ बाजू, चपलांमध्ये बऱ्याच ठिकाणी असंच असतं. सकाळी पाय बारीक असतो तेव्हा पट्टा पूर्ण ओढला जातो आणि खरखरीत भाग झाकला जातो. संध्याकाळी पाय सुजला की पट्टा सैल लावायचा, म्हणजे दोन बोटं आकडे उघडे राहतात, त्यात साडीचा काठ, परकर, पायजम्याची नाडी, काहीही अडकतं. नुसतं कापड फाटण्याचा प्रश्न नाही, जिना उतरताना अडकलं तर माणूस पडेल. वर त्या आकड्यांत धूळ आणि दोरे भरून महिन्याभरात वेल्क्रो धरेनासा होतो.

उलटं केलं. आकड्यांची आखूड पट्टी हलणाऱ्या पट्ट्याच्या टोकाला आतून, आणि खालच्या भागावर लांब मऊ पट्टी. आता कितीही सैल लावलं तरी उघडं राहतं ते मऊच. टोकाला अर्धा इंच वेल्क्रोशिवाय सोडला, बोटाला पकडायला. संवेदना हाताचीही कमी असते पुष्कळांची, त्यामुळे वेल्क्रो चिकटला की नाही ते आवाजावरून कळलं पाहिजे, म्हणून रुंदी २५ एमएमवरून ३८ केली.

मागच्या पट्ट्याचंही बघा. लोक तो लावतच नाहीत, चिरडून वर टाच ठेवतात, आणि मग बधिर पायाची सँडल पुन्हा निसटायला मोकळी. टाचेला कडक काउंटर (टाचेमागचा ताठ आधार) घातला, आता तो दबत नाही, पाय आत जाईल तर नीटच जाईल.

६ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. रात्री झांक्या (सजवलेल्या चित्ररथांची मिरवणूक), उद्या कारखाना बंद. आग्र्याहून फर्म्यांचे नमुने आलेत, मधला नंबर मॉडेलशी टेपने ताडून बघितला, सांध्यावर ३ एमएम कमी. परत पाठवतोय. फर्मा आला की आधी टेप लावा, मग पैसे द्या.

२२ सप्टेंबर

आजपासून जीएसटी बदलला, अडीच हजारपर्यंतच्या जोडाला ५ टक्के. आधी हजारच्या वर गेलं की १८ होता. कॉस्टिंग परत मांडलं. एका जोडाला एमसीआर, ईव्हीए आणि सोल मिळून १४०, लेदर आणि अस्तर १३०, वेल्क्रो, काउंटर, धागा ३५, सोल्युशन आणि प्रायमर २५, मजुरी १८०, डबा २०, आणि वाया जाणारा माल, लाइट, भाडं मिळून ७०. सहाशे झाले. आम्ही ११५० ला द्यायचं ठरवलं होतं, टॅक्स धरून ते १३५७ व्हायचे, आता साडेबाराशेच्या आतच राहतात. दीडशे रुपये कमी म्हणजे पेन्शनवर असलेल्या माणसाला दुसरा जोड घेण्याचा विचार करता येतो.

मजुरी सगळ्यात मोठी आहे ती गाळ्यामुळे आणि छिलाईमुळे. बाहेरच्या एकाने सल्ला दिला की गाळा काढून टाका. काढणार नाही. तो गेला तर बाजारात आधीच मिळते तीच चप्पल आपण महाग विकू.

५ ऑक्टोबर

आत्याची सँडल उत्तम बसते, बाहेर जाताना रोज घालते, आणि तरी तिच्या टाचेला भेग पडून चिघळायला आली. विचारल्यावर कळलं, बाहेर जाते दिवसातून तासभर. उरलेला दिवस घरात, अनवाणी, फरशीवर. दारात चप्पल काढायची ही आपल्या सगळ्यांची सवय, आणि ती बरोबरच आहे, पण बधिर पाय घरातही बधिरच असतो. स्वयंपाकघरात पडलेला काचेचा कण, गच्चीची तापलेली फरशी, दोन्ही त्याला सारखेच.

मी म्हटलं घरात हीच घाल. ती म्हणाली, "लेदरची चप्पल घालून मी स्वयंपाकघरात जाऊ? आणि देवघरापाशी?" विषय संपला. तिला समजावण्यात अर्थ नव्हता, माल बदलायला हवा होता.

म्हणून घरचा जोड वेगळा केला. लेदर अजिबात नाही, पट्टे कापडाच्या वरच्या थराचे आणि आत मऊ फोम, सोल हलका ईव्हीए, ओल्या फरशीवर घसरू नये म्हणून खाली बारीक खाचांचं रबर शीट. धुता आला पाहिजे, म्हणून कापड लवकर वाळणारं. एमसीआर तेच, फर्मा तोच, वेल्क्रोही तोच. रंग मुद्दाम फिका ठेवला, म्हणजे पायातून रक्त किंवा पाणी आलं तर सुकतळ्यावर लगेच दिसतं. ही सूचना डॉक्टरांची, आणि ती आता बाहेरच्या जोडातही घेतलीय. आत्या देवघराच्या उंबऱ्यापर्यंत घालते, आत काढते. तेवढं पुरे.

पहिल्याच दिवशी हा प्रश्न विचारायला हवा की हा माणूस दिवसभर कुठे असतो आणि तिथे त्याच्या पायात काय असतं.

२ नोव्हेंबर

दिवाळीनंतर कारीगर परत आले. फर्म्यांचा पूर्ण सेट बरोबर आला. युकेमध्ये दोन नंबरांत लांबीचा फरक ८.४६ एमएम असतो, युरोपच्या पॅरिस पॉइंटमध्ये ६.६७. आमचा सगळा ग्रेड युकेत आहे. रुंदी मात्र दोन ठेवल्यात, प्रत्येक लांबीला रुंद आणि जास्त रुंद. स्टॉक दुप्पट अडकतो हे खरं, पण रुंदीसाठी लांबी विकायची नाही हे ठरलेलं आहे.

प्रत्येक नंबरचा एक एक जोड करून त्या त्या पायात घालून बघितला. लहान नंबरात मागचा पट्टा घोट्याच्या हाडावर यायला लागला, कारण सगळे पॅटर्न टक्केवारीने छोटे केले तरी घोटा त्या प्रमाणात खाली येत नाही. त्या नंबरांचा पट्टा हाताने दुरुस्त केला. तोवर एकही कटिंग डाय (पॅटर्नच्या आकाराचा कापायचा साचा) केलेला नव्हता, सगळं रापीने कापत होतो, म्हणून ही दुरुस्ती फक्त कागदावर झाली. आता डाय टाकले.

२३ नोव्हेंबर

ऑगस्टपासून वापरात असलेले जोड परत मागवून सुकतळा व्हर्नियरने मोजला. कडेला जिथे पाय पडत नाही तिथे १० एमएम, टाचेखाली आठच्या आसपास, आणि ज्या काकांचं वजन जास्त आहे त्यांच्या अंगठ्याच्या सांध्याखाली सातच्याही खाली. दाबून बघितलं तर तिथे रबर परत वर येत नाही, म्हणजे त्या जागी खालचं कडक ईव्हीए लागायला लागणार.

म्हणून सुकतळा बदलून द्यायचं ठरवलंय. वरचं एमसीआर खालच्या थरातून न फाटता निघावं म्हणून पुढच्या लॉटमध्ये ते फक्त कडेच्या पट्टीवर आणि टाचेला चिकटवणार, मधे नाही. पकडीच्या परीक्षेत कडा टिकतात का ते बघतोय. सहा महिन्यांनी ग्राहकाला फोन, जोड युनिटवर आणून द्यायचा, नवा सुकतळा ९० रुपयांत. डब्याच्या झाकणाच्या आत तारीख लिहायची जागा छापून घेतली आहे, मराठी आणि हिंदी दोन्हीत.